सहीआधी हिशेब: अपघाताच्या भरपाईबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे पती (वय ३८) दुचाकीवरून कामावर जाताना ट्रकने मागून धडक दिल्यामुळे गेले. खासगी कारखान्यात कायम नोकरी होती, पगार दरमहा २४,००० रुपये. मागे मी, दोन लहान मुलं आणि सासूबाई आहोत. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू आहे. विमा कंपनी लोकअदालतीत सगळं मिळून २२ लाखांवर मिटवू म्हणते. घ्यावेत का?

उत्तर : ताई, हिशेब मांडल्याशिवाय सही करू नका. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील करता येत नाही. नंतर कोणी कितीही पटवून दिलं की रक्कम कमी होती, तरी उपयोग नसतो.

मृत्यूच्या दाव्यातली भरपाई न्यायाधीशांच्या मर्जीवर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत तिचं गणित घालून दिलं आहे आणि ते घरी कागदावर करता येतं. २४,००० च्या हिशेबाने वर्षाचं उत्पन्न २,८८,००० होतं. कायम नोकरी आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर भविष्यातल्या पगारवाढीपोटी त्यात ५० टक्के मिळवायचे, म्हणजे ४,३२,०००. यातून मृताचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. अवलंबून असलेल्या व्यक्ती चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश. तुम्ही चौघं आहात, म्हणून ३,२४,००० राहतात. आता वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा. ३६ ते ४० वयासाठी तो १५ आहे. म्हणजे ४८,६०,०००.

याशिवाय सहवासाच्या हानीपोटी (जवळच्या माणसाची साथ आणि माया गेल्याबद्दल) माणशी ४०,०००, मालमत्तेच्या हानीपोटी (मृताने पुढे मागे ठेवली असती त्या शिलकीबद्दल) १५,००० आणि अंत्यविधीपोटी १५,००० असे २०१७ चे मूळ आकडे आहेत. दर तीन वर्षांनी ते १० टक्क्यांनी वाढवायचे असतात. २०२३ ची वाढ धरली तर माणशी ४८,४०० आणि बाकीच्या दोन बाबींना प्रत्येकी १८,१५० येतात. सहवासाची हानी फक्त पत्नीची नसते, मुलांची आणि आईचीही असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या मॅग्मा निकालाने स्पष्ट केलं आहे. ही बाब दाव्यात अनेकदा एकाच व्यक्तीची मागितलेली दिसते. तुमची एकूण बेरीज ५०,८९,९०० होते आणि वर दावा दाखल झाल्या तारखेपासूनचं व्याज. त्यासमोर २२ लाख, तेही व्याज धरून!

अपिलात जाणारी वर्षं वाचवण्यासाठी थोडंफार सोडलं तर ते समजू शकतं. निम्म्याहून जास्त सोडण्याला कारण हवं. पतींचीही काही चूक होती असं कंपनीचं म्हणणं असेल, तर घटनास्थळाचा पंचनामा आणि आरोपपत्र पाहा. मागून धडक बसली असल्याने तुमची बाजू भक्कम आहे. पगार कोणता धरला तेही विचारा. पीएफ, पतसंस्थेचा हप्ता, आयुर्विम्याचा हप्ता कापून हातात येणारी रक्कम धरायची नसते. एकूण पगारातून फक्त कर वजा होतो. आयुर्विम्याचे किंवा कुटुंब निवृत्तिवेतनाचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कमी करता येत नाही.

आणखी एक. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. 'आत्ता घ्या' या सल्ल्यामागे टक्केवारी असेल, तर दुसऱ्या वकिलांकडून हिशेब तपासून घ्या.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, टेम्पोचालक. अपघातात उजवा पाय गुडघ्यावर कापावा लागला. महिन्याला १८,००० मिळत. अपंगत्वाचा दाखला ४५ टक्क्यांचा आहे. कंपनी म्हणते, उत्पन्नाच्या ४५ टक्केच नुकसान.

उत्तर : दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते. भरपाई मोजायची ती कमावण्याच्या क्षमतेची. हा फरक राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात नीट उलगडून सांगितला आहे. तोच पाय गेलेला कारकून टेबलावर बसून काम करू शकतो, टेम्पोचालकाची मात्र रोजीरोटीच जाते. न्यायाधिकरणाने विचारायचं ते असं: हा माणूस अपघातापूर्वी काय करत होता, आता त्यातलं काय करू शकतो आणि दुसरं काही करून पोट भरू शकतो का?

फरक किती पडतो ते पाहा. वर्षाचे २,१६,०००. कायम नोकरी नसल्याने आणि वय चाळिशीच्या आत असल्याने ४० टक्के वाढ धरली की ३,०२,४००. ३१ ते ३५ वयाचा गुणक १६ आहे. म्हणजे ४८,३८,४००. शंभर टक्के हानी मानली तर हीच रक्कम, ४५ टक्के मानली तर २१,७७,२८०. जखमी माणूस जिवंत असतो, म्हणून इथे स्वतःवरच्या खर्चाची वजावट होत नाही. काही वेळा ती चुकून केली जाते, लक्ष ठेवा.

पण शंभर टक्के आपोआप मिळत नाहीत. दाखला नुसता जोडून भागत नाही. तो देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हायला हवी आणि टक्केवारी एका अवयवाची आहे की सगळ्या शरीराची, हे त्यांच्या तोंडून नोंदवलं जायला हवं. तुमचा वाहन परवाना, मालकाचं पत्र किंवा साक्ष, बँकेतल्या नोंदी यांनी व्यवसाय आणि कमाई सिद्ध करा. आता चालकाचं काम करता येणार नाही, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावं लागतं.

उपचाराची मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून ठेवा. चिठ्ठीशिवायचं बिल टिकत नाही. कृत्रिम पायाचा खर्च एकदाच मागितला जातो, ही नेहमीची चूक. तो पाय झिजतो, दुरुस्ती लागते, काही वर्षांनी बदलावा लागतो. म्हणून बनवणाऱ्या केंद्राकडून किंमत, टिकण्याचा काळ आणि दुरुस्तीखर्च यांचं लेखी अंदाजपत्रक घ्या. वेदना, जगण्यातल्या आनंदाची हानी, उपचारकाळात बुडालेली कमाई, जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबतीला राहिलेल्या माणसाचा मोबदला या स्वतंत्र बाबी आहेत. दाव्यात कमी रक्कम मागितली गेली असली तरी न्याय्य वाटल्यास न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्त देऊ शकतं.

प्रश्न : आई घरचं सगळं पाहायची, कमवत नव्हती. तिच्या मृत्यूची भरपाई मिळेल का?

उत्तर : मिळेल. घरकामाला आर्थिक मूल्य आहे आणि गृहिणीचं मानीव (प्रत्यक्ष पगार नसला तरी गृहीत धरलेलं) उत्पन्न धरून भरपाई द्यायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती निकालात ठामपणे सांगितलं. भविष्यातली वाढही त्यात धरता येते. घरात कोण कोण होतं, कोणाची देखभाल आई करायची आणि आता त्या कामासाठी कोणाला किती पैसे द्यावे लागतात, हे शपथपत्रात सविस्तर लिहा. शेतातही राबत असेल तर ते काम वेगळं मांडा.

प्रश्न : वडिलांना धडक देऊन वाहन पळून गेलं. नंबर मिळालेला नाही. काहीच करता येत नाही का?

उत्तर : करता येतं, पण रक्कम ठरलेली आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत अज्ञात वाहनाच्या धडकेतील मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. अर्ज न्यायाधिकरणात करायचा नसतो. तो उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे, दावा चौकशी अधिकारी म्हणून, द्यायचा. त्यांच्या अहवालावर जिल्हाधिकारी मंजुरी देतात. प्राथमिक माहिती अहवाल, शवविच्छेदन अहवाल, वारसाची ओळख आणि बँक खात्याचा तपशील सोबत लागतो.

मात्र वाहन शोधण्याचा पाठपुरावा सोडू नका, कारण ते सापडलं तर पूर्ण भरपाईचा दावा करता येतो आणि योजनेतली रक्कम त्यातून परत जाते. रस्त्यावरच्या दुकानांच्या, पेट्रोल पंपाच्या आणि टोलनाक्याच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. म्हणून ते जप्त करावं असा लेखी अर्ज ताबडतोब पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. वाहन सापडल्यावरच्या दाव्यासाठी कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. अपघात जिथे झाला तिथेच जायला हवं असं नाही.