पहिली रोड बाइक : कार्बन स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

प्रश्न : उंची १६८ सेंमी, वजन ६८ किलो. रोजचा सराव आणि वर्षाला दोन-तीन स्पर्धा, एवढाच बेत आहे. एकाच किमतीत दोन सायकली मिळताहेत. एक वापरलेली कार्बनची : फ्रेम ५६ सेंमी, पुढच्या दोन चक्रांना ५३/३९ दाते, मागच्या चक्रांना ११ ते २५. दुसरी नवी अॅल्युमिनिअमची : फ्रेम ५२, पुढे ५०/३४, मागे ११-३२, शिमानो सोरा गिअर. मित्र म्हणतात, कार्बन सोडू नकोस.
– एक वाचक, सातारा

उत्तर : खुशाल सोडा. ५६ची फ्रेम तुमच्या उंचीला मोठी आहे. सीट खाली घेऊन पाय पुरतील, पण हँडल लांबच राहील आणि तासाभरात मान, खांदे, तळहात दुखू लागतील. फार आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावून अंतर कमी होतं, पण हँडल चंचल होतं. ५२सुद्धा बसून बघाच. प्रत्येक कंपनीचं माप थोडं वेगळं असतं.

आता घाट. यवतेश्वरच्या चढावर दमून पेडल मिनिटाला ६० फेऱ्यांवर आलं, तर कार्बनवाल्या सायकलच्या ३९/२५ (पुढे ३९, मागे २५ दाते) या सर्वांत हलक्या गिअरवरही वेग ताशी पावणेबारा किलोमीटर ठेवावा लागेल. त्याहून हळू गेलात की पेडल जड होतं आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. नव्या सायकलच्या ३४/३२ वर त्याच फेऱ्यांत ताशी ८ पुरतात. नवशिक्याला ही सवलत कोणत्याही फ्रेमपेक्षा मोलाची.

कार्बनने एक किलो वाचलं असं धरलं, तरी तुम्ही आणि सायकल मिळून ७८ किलोंच्या आसपास. ४० मिनिटांच्या चढात फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. शिवाय वापरलेल्या कार्बनमधली आतली चीर रंगाखाली लपते.

सायकल घरी आली की सीटची उंची लावा. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक जांघेत घट्ट वर दाबा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंमी आले तर क्रँक (पेडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६९ सेंमी. ही फक्त सुरुवात. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर अर्धा सेंमी खाली घ्या.

प्रश्न : वारंवार पंक्चर. ट्यूबला दर वेळी शेजारी-शेजारी दोन छिद्रं. टायर २५ मिमीचे, हवा पंधरा दिवसांनी भरतो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुखणं तुमच्या शेवटच्या चार शब्दांत आहे. बारीक ट्यूबमधली हवा आठवडाभरातच बरीच उतरते. मग खड्ड्यात टायर चेपतो आणि ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटते, म्हणून छिद्रं दोन. मीटर असलेला उभा पंप घ्या आणि निघण्यापूर्वी दर वेळी दाब बघा. फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या वेळी टायर २८ मिमीचे घ्या. बाहेरच्या बाजूला एकच छिद्र असेल, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा तार शोधा. आतल्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली असते.

प्रश्न : स्पर्धेसाठी पुढे झुकून धरायचे एअरोबार बसवू का?

उत्तर : एकेकटं सुटणाऱ्या टाइम ट्रायलसाठी बसवा. सगळे एकदम सुटतात त्या शर्यतीला मात्र ते काढूनच जा. तिथे त्यांना मनाई असते, कारण घोळक्यात हात ब्रेकपासून लांब असलेला एक जण पडला की मागचे पाच पडतात.