नेम घरचा, प्रश्न मुलीचा

प्रश्न : आम्ही गिरीजचे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे. शाळेत तिचं मन लागत नाही. घरी मात्र मुंग्यांच्या रांगेमागे अर्धी वाडी फिरते आणि प्रश्न विचारून डोकं खाते. मी नोकरी सोडली आहे. तिला शाळेतून काढून घरीच, तिच्या कलाने शिकू द्यावं असा विचार आहे. नवऱ्याची तयारी आहे, सासूबाईंची नाही. 'सिस्टरांच्या शाळेतून पोरीला काढलं तर देवळात (म्हणजे चर्चमध्ये) काय तोंड दाखवू?' असं त्या म्हणतात. चर्चला हे चालतं का? आणि सगळं तिच्या कलाने घ्यायचं, तर जपमाळेला तिला कंटाळा येतो, त्याचं काय करायचं?
– एक आई, वसई

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण चर्चचं उत्तर त्या मानाने सोपं आहे.

वसईतल्या आपल्या आज्यांनी शाळेसाठी काय काय केलंय ते विसरून त्यांच्याशी बोलू नका. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत राबून ज्यांनी पोरांच्या फिया भरल्या, त्यांना शाळा म्हणजे फक्त पुस्तकं नव्हेत. शाळेमुळे त्यांची पोरं सहा-पन्नासच्या लोकलला लागली, बँकेत गेली, मास्तर झाली. त्यांच्या नातीला तुम्ही शाळेतून काढता तेव्हा त्यांना वाटतं, आपण चढलेली पायरी सून उतरतेय. त्यांना शिक्षणाचे सिद्धांत ऐकवू नका. त्यांना काम द्या. मी मुलांना घरी शिकवू लागले तेव्हा पहिल्या वर्षी आमच्या सासूबाईंनी माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मग माझ्या थोरल्या मुलीला लग्नातली जुनी गाणी लिहून घ्यायची हुक्की आली. ती कादोडीतली, म्हणजे आपल्या वसईच्या बोलीतली, एकाही पुस्तकात नसलेली. आजी सांगायची, नात लिहायची, शब्द अडला की दोघी भांडायच्या. त्या वहीतून थोरलीचं मराठी शुद्धलेखन सुधारलं, कारण कादोडीतला शब्द आणि प्रमाण मराठीतला शब्द शेजारी शेजारी लिहायचा असा आजीचाच हट्ट. त्यानंतर आजी देवळात स्वतःहून सांगू लागल्या, 'आमची घरी शिकते, मी शिकवते.'

आता चर्च. 1983च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, नियम 793 म्हणतो की मुलांना शिक्षण देणं हे आईबापांचं कर्तव्य आहे आणि हक्कही. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जो जाहीरनामा काढला त्यातही आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं म्हटलंय. शाळा ही त्यांची मदतनीस. तेव्हा घरी शिकवणं म्हणजे चर्चच्या विरोधात जाणं नव्हे, हे कोणालाही सांगा. मात्र फादर तुम्हाला नियम 798 दाखवू शकतात : आईबापांनी मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावं, आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची सोय करावी. तुमच्या घराशेजारी सिस्टरांची शाळा असताना 'शक्य नाही' कसं म्हणणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्यांना बाहेरून काही कळण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन बोला, आणि शाळेबद्दलच्या तक्रारी घेऊन जाऊ नका. मुलगी काय काय करते ते सांगा. मुंग्यांची वही असेल तर ती न्या.

कायद्याचंही एका दमात सांगते. शिक्षण हक्काचा 2009चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला त्यात ना नाव घेऊन परवानगी आहे, ना नाव घेऊन बंदी. मुंबई-पुण्यात अनेक कुटुंबं अशीच शिकवतात. ज्यांना कागदोपत्री पक्कं काही हवंय त्यांनी मुक्त शाळेची वाट धरावी (तिच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात).

जपमाळेचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण कलाने शिकवण्याची खरी परीक्षा तिथेच होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, आणि जपमाळ एका मापाने मोजू नका. रविवारची मिस्सा हे चर्चचं बंधन आहे आणि चर्चचे असे नियम सात वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतात. तिथे 'तुला यावंसं वाटतं का?' असं मी माझ्या मुलांना कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. जपमाळ ही भक्ती आहे, तिची सक्ती चर्च करत नाही. घर करतं, ते घराच्या रीतीने. आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला टीव्ही बंद आणि सगळे एका खोलीत. हा नेम मोठ्यांचा. त्या खोलीत बसून माझा धाकटा मुलगा कधी 'नमो मरिये' म्हणायचा, कधी मण्यांचे रंग मोजायचा, कधी आजीच्या मांडीवर झोपायचा. झोपलेल्याला मी उठवलं नाही. पण 'मला नको' म्हणून बाहेर खेळायला कोणी गेलं नाही. तुमच्या मुलीला कंटाळा येतो म्हणता, तर जपमाळेत ज्या पाच प्रसंगांचं (आपण त्यांना रहस्यं म्हणतो) मनन करतो, त्यातला एक तिला सांगायला द्या. 'मरियेची एलिशिबेला भेट' तिने तिच्या शब्दांत सांगू द्यावी, नंतर तिचे प्रश्न निघतील. मरिया एकटीच डोंगरातून कशी गेली, किती लांब होतं, वाटेत राहिली कुठे? उत्तरं तुम्हाला येत नसतील तर आणखी बरं.

धाकट्याचंच एक सांगते. आपले संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले, हे आपण सगळ्यांनी पाठ केलंय. धाकट्याने सणाच्या दिवशी विचारलं, 'इथून जपानला जायला किती दिवस लागायचे?' मी म्हटलं, शोध. त्याने पृथ्वीच्या गोलावर सुतळी लावून वसई, गोवा, मलाक्का, मकाव, नागासाकी अशी वाट मोजली. अंतर निघालं, दिवस निघेनात. मग पाचूबंदरच्या एका कोळी आजोबांनी त्याला वारा समजावला. नैऋत्येचा वारा कधी धरतो, कधी फिरतो, होड्या पावसात का ओढून ठेवतात. तिथून त्याच्या लक्षात आलं की गोव्याहून गलबतं एप्रिल-मेमध्ये का निघायची आणि मकावला पोचून जपानसाठी पुढच्या पावसाळ्याच्या वाऱ्याची वाट का बघत बसायची. म्हणजे 'किती दिवस' याचं उत्तर वर्षाच्या हिशेबात आलं! इतिहास, भूगोल, गुणाकार, आणि संतचरित्रही, जे मी पाठ करून घेतलं असतं तर त्याने कान बंद केले असते. तो पुढे क्योतोहून नागासाकीपर्यंत हिवाळ्यात चालवत नेलेल्या, संत गोन्सालोंसोबत मारल्या गेलेल्या त्या हुतात्म्यांवर अडकला आणि रात्री रडला. त्या रात्री जपमाळ त्याने स्वतः धरली. रोज असं होत नाही, हेही लिहून ठेवते. नाहीतर तुम्ही गोल घेऊन बसाल आणि मुलगी मांजराच्या मागे जाईल.

पाढे मात्र मी त्याच्या कलावर सोडले नाहीत. तीसपर्यंत पाठ, रोज, आंघोळीच्या आधी. सगळंच मुलांच्या कलाने घ्या म्हणणाऱ्या कट्टर मंडळींना हे पटत नाही. न पटेना का.

दोन गोष्टींवर मी ठाम आहे. पहिलं, शाळेतून काढा पण धर्मग्रामातून, म्हणजे आपल्या चर्चच्या समाजातून, काढू नका. मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) झाला नसेल तर तयारी घरी करून घ्या, तो तुमचा पहिला हक्क आहेच. पण तयारीची खातरजमा करणं हे धर्मगुरूंचं काम आहे, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात तिच्या वयाची पंचवीस पोरं असतात, जी तिला आता दुसरीकडे मिळणार नाहीत. घरी शिकवणारी काही कॅथलिक कुटुंबं हळूहळू चर्चच्या लोकांनाही टाळू लागतात, आपण त्यांच्यापेक्षा जास्त धार्मिक आहोत असं त्यांना वाटू लागतं. त्यांच्या मुलांची मला काळजी वाटते.

दुसरं, तुमच्या पत्रात 'शाळेत मन लागत नाही' एवढंच आहे. का लागत नाही, ते मुलीकडून काढून घ्या. बाकावरची मैत्रीण बोलेनाशी झाली, बाईंचं अक्षर फळ्यावर दिसत नाही, पोट दुखतं – यातलं काही असेल तर त्याचा इलाज घरशाळा नाही. चष्माही असू शकतो. आणि बाहेरच्या जगाची भीती वाटून तुम्हीच तिला घरी ठेवू बघत असाल, तर ते तिच्या कलाने घेणं नव्हे, तुमच्या.

प्रश्न : मुलांच्या कलाने घ्या, हे अमेरिकन खूळ आहे. आमच्या वेळी छडी होती, आणि आम्ही बिघडलो नाही.
– एक आजोबा, पुणे

आजोबा, अमेरिकेत जॉन होल्ट यांनी 1977 पासून शाळेविना शिकण्याची चळवळ चालवली हे खरं, आणि त्यांच्या मागे तिथली बरीच कॅथलिक कुटुंबंही गेली. पण त्याच्या कितीतरी आधी इटलीच्या मारिया माँटेसरी, स्वतः कॅथलिक, 1939 साली मद्रासला आल्या, आणि महायुद्धामुळे 1946पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्याच विचाराने रोममध्ये 1954 साली सोफिया कावालेत्ती यांनी लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायची एक पद्धत सुरू केली. तिच्यात मूल चांगल्या मेंढपाळाच्या छोट्या लाकडी मेंढ्या हातात घेऊन येशूने सांगितलेली ती गोष्ट समजून घेतं. आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोरं शाळेत येईनात, तर शाळा गुरांमागे गेली. आता यातलं अमेरिकन काय?

छडीबद्दल तेराव्या शतकातल्या संत थोमस अक्विनास यांचं म्हणणं तुमच्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला आवडेल. रोगी शरीर मुळात आपलं आपण बरं होतं, वैद्य त्याला मदत करतो. शिक्षकाचंही तसंच, शिकतं ते मूल. वैद्य कधी कडू औषध देतो, हे मला मान्य. तुम्ही बिघडला नाहीत यात छडीचा वाटा किती आणि तुमच्या आईचा किती, ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : दहावीचं काय?
– एक बाबा, नालासोपारा

एका ओळीचं पत्र, पण सगळ्यांच्या मनातलं. दोन सरळ वाटा आहेत. एक, एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा. दहावीसाठी किमान वय 14, किमान पाच विषय, मराठी माध्यमही मिळतं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालतं, आणि घरी शिकणाऱ्या मुलांना याचा मोठा आधार होतो. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, खासगी विद्यार्थी म्हणून, 17 नंबरचा फॉर्म भरून. त्याच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं आणि त्या चुकल्या की वर्ष गेलं, म्हणून पावसाळा लागला की चौकशी सुरू करा.

आणि ज्या दिवशी मुलाला शाळेतून काढाल त्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला हातात घेऊनच घरी या. नाव, जन्मतारीख, आईचं नाव तिथेच उभं राहून वाचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हा वसईत नेहमीचा घोळ. लॅमिनेशन मात्र करू नका, ऑफिसात मागे शिक्का मारता येत नाही.