मुंबईहून परतलेल्या मुलाची चाल

प्रिय डॉक्टर,

सप्रेम आशीर्वाद. रावेर तालुक्यात रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. आपल्याकडची ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, मुले केमोसाठी मुंबईला जातात आणि मधल्या दिवसांत घरी येतात. त्या दिवसांतली पहिली तक्रार तुझ्याकडेच येईल, म्हणून हे लिहितो आहे.

मुलाला तपासणीच्या टेबलावर झोपवण्याआधी दारापासून तुझ्यापर्यंत चालायला लाव. एका आईने मला सांगितले होते, "पोऱ्या पाय आपटस." तो सहा वर्षांचा मुलगा गुडघा उंच उचलत होता, पंजा मात्र खाली लोंबत होता, आणि उजवी चप्पल वाटेतच निसटली होती. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने पायाच्या नसा दुबळ्या झाल्या होत्या. जबडा दुखणे, पापणी झुकणे, न हटणारी बद्धकोष्ठता हीदेखील त्याच औषधाची लक्षणे. सोबत बुरशीसाठी इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल चालू असेल, तर व्हिन्क्रिस्टीन शरीरातून लवकर निघत नाही आणि इजा वाढते. त्या मुलाला अशी गोळी चालू आहे का, हे विचारायला मी दोन दिवस उशीर केला, ते मला अजून सलते.

मग फाइलमधल्या तारखा पाहा. पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध दिल्यानंतर साधारण २ ते १४ दिवसांत अचानक एक बाजू लुळी पडू शकते किंवा वाचा जाऊ शकते. बहुतेक मुले सावरतात, पण तसे गृहीत धरून घरी पाठवू नकोस. अ‍ॅस्पॅराजिनेज हे केमोचे आणखी एक औषध चालू असताना डोकेदुखी, उलट्या किंवा झटके आले, तर मेंदूच्या शिरांत गुठळी झाली असेल, आणि ती साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. शिरांचा वेगळा स्कॅन मागावा लागतो. स्टेरॉइडवरच्या मुलाचे बीपी लहान मुलांच्या दंडाला बसणाऱ्या पट्ट्यानेच (कफ) मोज, कारण ते चढूनही झटके येतात. झटका आधी थांबव, साखर बघ, आणि उपचार करणाऱ्या चमूला लगेच फोन कर.

पाय लुळा पाहून घरचे केमोच थांबवायला निघतात, आणि ही भीती मला सर्वांत मोठी वाटते. पायाची ताकद बहुधा काही महिन्यांत परत येते, डोस कमी करण्याचा निर्णय तिकडचे डॉक्टर घेतील, पण उपचार मध्येच सोडल्यास ल्युकेमिया उलटतो, हे वडिलांना आणि आजीला समोर बसवून सांग. तोवर पंजा तोलून धरणारा स्प्लिंट आणि मागे पट्टा असलेली सँडल घ्यायला सांग.

तुझा,
एक जुना सहकारी