खतातली जाड अळी: हुमणी की गेंड्या भुंगा?

प्रश्न: शेणखताचा खड्डा उपसताना अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या. हेच खत उसाला घालायचे आहे. ही हुमणी का? खड्ड्यात औषध ओतू का? बांधावर नारळाची झाडेही आहेत. (एक शेतकरी, ता. जुन्नर, जि. पुणे)

उत्तर: औषधाची घाई नको. तुमच्या फोटोत अळ्यांशेजारी शिंगवाला काळा भुंगा दिसतोय, तो गेंड्या भुंगा, म्हणजे ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस. हुमणीचाच भाऊबंद, पण हुमणी जमिनीत राहून जिवंत मुळ्या कुरतडते, तर याची अळी कुजते खत आणि नारळाचे सडके खोड यांवर वाढते. उसाच्या मुळांना तिचा त्रास नाही.

भुंगा 3.5 ते 5 सें.मी. लांब, वरून काळा कुळकुळीत, पोटाकडून तांबूस. डोक्यावरचे शिंग मागे वळलेले. नराचे लांब, मादीचे आखूड. शिंगावरून फसगत होते, म्हणून उताणा करून शेपटाकडे पाहा: तांबूस केसांचा दाट झुबका दिसला तर मादी. हुमणीचा भुंगा निव्वळ तपकिरी, बिनशिंगाचा असतो आणि वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतो.

खड्ड्यात तिसरीही एक अळी सापडते. अळी पाटीवर ठेवा. ती उताणी होऊन, पाय वर करून पाठीवरच सरपटू लागली तर फुलभुंग्याची. तिला खुशाल सोडा, ती तुमचे खतच कुजवते आहे.

खरी काळजी नारळाची. भुंगा रात्री शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो; भोकाशी चघळलेला चोथा दिसतो आणि पुढे उमललेली झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी निघते. त्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग झाड हातचे जाते. म्हणून आकडीच्या तारेने भुंगा ओढून काढा, वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समभाग भरा.

खड्डा उलथापालथा करा, निघालेल्या अळ्या कोंबड्यांपुढे टाका. उरलेल्या ओलसर खतात मेटारायझियम बुरशी मिसळा. तिने मेलेली अळी आधी कडक, मग हिरवी पडते. उसाला मात्र पूर्ण कुजलेलेच खत घाला, कारण हुमणीची बारीक अळीही कच्च्या खतातून रानात जाते. बांधावर मेलेला माड पडून असेल तर तो फोडून जाळा.