थायरॉइड कॅन्सरचं ऑपरेशन होऊन 12 वर्षं झाली, आता तो फुप्फुसात पसरू शकतो का?

हो, शकतो, बहुतेकांना होत नाही, पण पॅपिलरी आणि फॉलिक्युलर प्रकाराच्या पेशी इतक्या सावकाश वाढतात की 10-20 वर्षांनीही फुप्फुसात किंवा हाडांत सापडतात. त्यामुळे थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची) रक्ततपासणी सोडू नका, आणि त्याच रक्तात अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडीही (त्या प्रथिनाविरुद्ध शरीर बनवतं ती) बघायला सांगा. ती असेल तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं, आणि नेमकं हेच तपासायचं राहून जातं. लॅब दरवेळी तीच ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा तो चढतोय का हे महत्त्वाचं. सोबत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन), मानेची सोनोग्राफी. आकडा चढूनही आयोडीन स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, तर पेट-सीटी या दुसऱ्या प्रकारच्या स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा. काही कॅन्सरपेशी आयोडीन घेणंच थांबवतात, म्हणून आयोडीन स्कॅनमध्ये दिसत नाहीत. मात्र अर्धीच ग्रंथी काढली असेल तर उरलेली ग्रंथीही ते बनवते, म्हणून थायरोग्लोब्युलिनवर तितका भरवसा ठेवता येत नाही. मेड्युलरी या वेगळ्या प्रकारात थायरोग्लोब्युलिनऐवजी रक्तातलं कॅल्सिटोनिन आणि सीईए बघतात.