इंदूरच्या गच्चीवरून केपीएच
तुझे प्रश्न दोन : आजोबांची मोर्स-की (कट्-कड संकेतांत संदेश पाठवायची कळ) हाती आलीय तर इंदूरहून कॅलिफोर्नियाचं केपीएच, म्हणजे जहाजांशी मोर्समध्ये बोलणारं जुनं रेडिओ स्टेशन, ऐकू येईल का, आणि धंदा संपलेलं स्टेशन लोक चालवतात तरी कशाला.

पहाटे उठायची तयारी असेल तर जमू शकतं. अमेरिकेतला शेवटचा व्यापारी मोर्स संदेश १२ जुलै १९९९ ला गेला. दरवर्षी त्याच दिवशी केपीएच चालवणारे स्वयंसेवक खास प्रसारण करतात. ते सुरू होतं तेव्हा आपल्याकडे १३ तारखेचे ५.३१ वाजलेले असतात. शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर १२८०८.५ आणि १७०१६.८ किलोहर्ट्झ लावून बघ. राजवाड्याजवळ राहतोस म्हणजे इन्व्हर्टर आणि एलईडी दिव्यांची खरखर असणारच. लांब वायर गच्चीवर, भिंतीपासून दूर ताण. वीज कडाडू लागली की अँटेना काढून टाक, हौस जिवावर बेतायला नको. नाहीच आलं तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एखादा इंटरनेटवरून ऐकता येणारा रिसीव्हर गाठ. तोवर ‘व्हीव्हीव्ही डीई केपीएच’ (चाचणीची खूण, मग ‘केपीएचकडून’) मोर्समध्ये कानात बसव.

आता दुसरं. नावातलं ‘पीएच’ सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलचं, स्टेशन सुरुवातीला तिथेच होतं. पुढे रिसीव्हर पॉइंट रेयसला गेले आणि ट्रान्समीटर कित्येक मैल दूर बोलिनासला. शेजारी ठेवले तर आपल्याच आवाजाने कान बधिर व्हायचे. १९९७ ला कारभार आटोपला. मग स्वयंसेवकांनी आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीचे जुने ट्रान्समीटर दुरुस्त केले, आणि केएसएम नावाने चक्क व्यापारी परवाना काढला. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. दर शनिवारी माणूस ड्यूटीवर बसतो, हवामान पाठवतो. जुन्या रेडिओरूमच्या घड्याळावर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांना लाल पट्टे असत : तेवढा वेळ ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी गप्प बसायचं, बुडत्या जहाजाची हाक ऐकू यावी म्हणून. ती शिस्त नुसती यंत्रं पुसून ठेवल्याने टिकत नाही. कुणीतरी खुर्चीत बसावं लागतं.

आपल्याकडे तार २०१३ च्या जुलैत बंद झाली तेव्हा सगळे हळहळले. पण तारघरातलं मोर्सचं कडकट्ट त्याआधीच थांबलं होतं, तेव्हा कुणी फिरकलंही नाही.

स्वतः मोर्स हवेवर पाठवायचं तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागेल. घरी सराव करायला मात्र ऑसिलेटर, म्हणजे की दाबली की सूर वाजवणारं छोटं सर्किट, पुरे. आणि कीच्या टोकांना पॉलिशपेपर लावू नकोस. की दाबून धर आणि मधून साध्या कागदाची पट्टी ओढून काढ, काळी निघेल. स्वच्छ येईपर्यंत ओढत राहा. खाली कंपनीचा छाप असेल तर फोटो टाक.