जपाला बसलं की चिडचिड वाढते? बसत राहा

काही चुकत नाहीये तुमचं. लोकलच्या गर्दीत, ऑफिसात दिवसभर जे गिळलं, ते शांत बसल्यावर वर येणारच. माळ हातातच ठेवा आणि राग अंगात नेमका कुठे आहे ते बघा. जबडा आवळलाय? श्वास छातीतच अडकतोय? मनात म्हणा, ‘हा राग’, ‘ही भीती’, आणि पुढचा मणी ओढा. दाबायचं नाही, कुरवाळायचंही नाही.

मत्सर जास्त चिवट. शेजाऱ्याने घोडबंदरला टू बीएचके घेतला की पोटात दुखतंच (कबूल कोणी करत नाही). योगसूत्रांत पतंजलींनी सुखी माणसाबद्दल मैत्री ठेवायला सांगितलंय. तेव्हा पेढे घ्यायला स्वतःहून जा, घर नीट बघून या. संतोषही त्यांनी पाच नियमांत धरलाय, शौचाच्या, म्हणजे स्वच्छतेच्या, लगेच पुढे. म्हणजे आंघोळीसारखा रोजचाच.

जागेचं फार मनावर घेऊ नका. ठाण्यात कौपीनेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी गर्दी असते, मग तलावपाळीचा कट्टाही चालतो.

एक मात्र ऐका. झोप उडाली, आठवडेच्या आठवडे उदास वाटलं, तर जप वाढवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, नाहीतर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.